पगारे भाऊजींचा झेड-एटी

पगारे भाऊजींना एखादी गोष्ट आवडली की ते "छान" म्हणत नसत, "झेड-एटी!" म्हणत. माझं भरीत झेड-एटी, वेळेवर आलेली सातपूरची बस झेड-एटी. आमच्या धाकटीच्या बारशाला पाळण्यात डोकावले आणि म्हणाले, "वा वहिनी, झेड-एटी!" मी बाई तोंडावर बोलणारी. म्हटलं, "भाऊजी, आताच चांगलं नाव ठेवलंय तिचं, त्या नावानं हाक मारा."

झेड-एटी म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरच्या पोटातली चिप. ऐंशीनंतरची गोष्ट. आमच्या कॉलनीत टीव्हीच अजून नवलाईचा, तर कॉम्प्युटर कुणी बघितला होता? रबरी बटणांचा तो काळा, पाटीएवढा डबा त्यांच्या मेव्हण्यानं, प्रकाशनं, मस्कतहून आणून दिला होता. भाऊजी सातपूरच्या कारखान्यात स्टोअरकीपर. कामावरून आले की शर्टही न बदलता टीव्हीला वायर जोडून बसायचे. डबा तापायचा, म्हणून त्यावर गार पाण्याचा तांब्या ठेवायचे. त्यांची बायको शालन माझी जिवाभावाची मैत्रीण. ती म्हणायची, "अंघोळीचं पाणी इथंच तापवते आता, रॉकेल तरी वाचेल."

त्या डब्याची एक खोड होती. वीज गेली की सगळं विसरायचा. लिहिलेलं जपायचं तर टेपरेकॉर्डर जोडून गाण्याच्या साध्या कॅसेटवर भरून ठेवावं लागे. ती कॅसेट नुसती वाजवली तर अशी किर्रर्र करायची की दात आंबावेत.

पुढे शालनचं हृदय दुखणाईत निघालं. संध्याकाळी सातची गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. भाऊजींनी काय करावं? प्रोग्रॅम लिहिला! सात वाजले की डबा पीप पीप करणार. पण जवळ कोरी कॅसेट नव्हती, त्यामुळे वीज गेली की प्रोग्रॅमही गेला. मग पुन्हा बसून सगळा टाइप करायचा.

"अहो, धन्य आहे तुमची! हाक मारून सांगा ना तिला," मी म्हटलं.

"माणूस विसरतं वहिनी, झेड-एटी विसरत नाही."

"आणि वीज गेल्यावर?"

भाऊजींनी मान खाली घातली आणि ते टाइप करू लागले.

शालनला दवाखान्यात ठेवलं तेव्हा त्यांना कपाटावर एक कॅसेट सापडली. शालन घरी येईल त्या दिवशी सगळं तयार हवं, म्हणून कोरी समजून त्यांनी तिच्यावर प्रोग्रॅम भरला. दगा नको म्हणून तोच पुन्हा, पुन्हा, बाजू संपत येईपर्यंत भरला. शालन घरी आली नाही. गेली माझी मैत्रीण.

मग रोज सातला त्यांच्या घरातून किर्रर्र सुरू झाली. भाऊजींच्या तोंडून झेड-एटी मात्र पुन्हा ऐकू आलं नाही. पगारेंचं डोकं फिरलं, असं कॉलनी म्हणायला लागली.

प्रकाश रजेवर आला तेव्हा मी चहा घेऊन गेले होते. तो म्हणाला, "दाजी, ताईनं माझ्यासाठी कॅसेट भरून ठेवली होती ना? निरोप होता तिचा." आखातात माणूस असलं की पत्राऐवजी बोललेली कॅसेट पाठवायची, अशी तेव्हा रीतच होती.

भाऊजींचा चेहरा पडला. "माझ्या हातनं पुसली गेली रे. तिच्या गोळीचा प्रोग्रॅम भरला मी त्या कॅसेटवर. तुला कोणत्या तोंडानं कळवू?" आणि एवढा मोठा माणूस ढसाढसा रडला.

मग डोळे पुसून त्यांनी कॅसेट लावली. किर्रर्र काही थांबेना. प्रकाशनं कानांवर हात ठेवले. "पुढं पळवा ना दाजी."

"नको. पळवताना टेप गुंतली तर? थोडं राहिलंय शेवटी."

आवाज एकदम तुटला आणि शालन बोलायला लागली.

"...गोळीची वेळ मला कळत नाही का रे पक्या? पण ते पीप पीप वाजलं ना, की हे हातातलं टाकून पाणी घेऊन येतात. गोळी गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं बाई. म्हणून मी आपली गप्प बसते, वाजायची वाट बघत. त्यांना सांगू नको हं. बरं, बंद करते आता."

प्रकाशनं कॅसेट काढली, तिच्या कडेचे दोन बारीक प्लास्टिकचे तुकडे पेचकसानं मोडले. ते मोडले की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. मग ती त्यानं भाऊजींच्या हातात ठेवली.

"अरे, तुझी आहे ती. तुझ्यासाठी बोलली ती," भाऊजी म्हणाले.

"राहू द्या दाजी. इथंच राहू द्या."

भाऊजी कॅसेट उलटसुलट करत राहिले. मग बिचकत आमच्याकडे बघून म्हणाले, "पुन्हा एकदा लावू?"

मी पदर डोळ्यांना लावला आणि म्हटलं, "लावा भाऊजी. पहिल्यापासून लावा."