लिंबांचा तास

उत्तमरावांना एकच तास हवा होता. फळा पुसण्यापासून घंटा होईपर्यंतचा एक अख्खा तास. गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांना पेन्शन मिळत होती, पण फळा मिळत नव्हता. त्यामुळे अमरावतीच्या राजापेठेत सरकारने गरजू मुलांसाठी मोफत 'कॉलेज पूर्वतयारी वर्ग' काढला, तेव्हा ते धावतच रुजू झाले. नव्या शर्टाच्या खिशात त्यांनी एक खडूही ठेवला.

मार्च उजाडला तरी तो खडू अख्खाच होता. वर्गाला सरकारचा निधी, म्हणजे मुलांना फायदा होतो की नाही हे मोजायलाच हवे. म्हणून शिकवण्याआधीची चाचणी, शिकवल्यानंतरची चाचणी आणि दोन्हींची तुलना करणारी तिसरी चाचणी. मधले शिकवणे तेवढे राहून जाई.

"सर, तुमी आमाले कधी शिकवसान?" माया नावाची पोरगी दर आठवड्याला विचारी.

"हे चाचणी होऊ दे," असे म्हणून उत्तमराव खिशातला खडू चाचपत. महिनाअखेरीस वर्ग बंद होणार होता, आणि त्या विचाराने बिचाऱ्यांचा जीव कासावीस होई.

प्रश्नपत्रिका अकोल्याच्या कार्यालयातून पोत्यात शिवून येत. गुप्तता राहावी म्हणून पोत्यावर एक अक्षर लिहायचे नाही, खूण करायची नाही, असा कडक नियम. शिपाई भगवंत ते पोते काळीपिवळी जीपच्या टपावर टाकून आणी. शेवटच्या चाचणीच्या दिवशी टपावर अमरावतीच्या बाजारात निघालेला मालही होता.

"आज पोतं जड काहून लागून राह्यलं?" उत्तमरावांनी विचारले.

"शेवटची चाचणी हाय न, सर. मोठी असन," भगवंत म्हणाला. सगळ्यांचे मोबाइल गोळा करून, दाराला बाहेरून कुलूप लावून तो व्हरांड्यात आडवा झाला. आता तीन तास दार उघडायचे नाही, हाही नियमच.

पोते पालक-साक्षीदारासमोर फोडावे लागे. मायाची आई सुंदराबाई भाजीचे दुकान सोडून त्यासाठी आली होती. तिने विळ्याने शिवण उसवली, आत हात घातला आणि तशीच थांबली.

"सर, हे त लिंबं हायेत."

"खाली पाहा, खाली पेपर असतीन."

"खाली बी लिंबंच हायेत. माल चांगला हाय पण," सुंदराबाईने निर्वाळा दिला.

उत्तमरावांनी दार ठोठावले, हाका मारल्या. व्हरांड्यातून फक्त घोरणे ऐकू आले. ते मागे वळले. समोर मुले होती, हातात वेळ होता आणि नियमाप्रमाणे वर्तमानपत्रांनी झाकलेला फळा होता. पुढच्या क्षणी त्यांनी ती वर्तमानपत्रे टराटरा फाडली.

"माया, पिशवीत तीन पिवळी आन् दोन हिरवी लिंबं टाक. आता न पाहता एक काढ. पिवळं निघण्याची शक्यता किती?"

खडू झिजत गेला. मुले लिंबे काढत होती, पैजा लावत होती, भांडत होती. सुंदराबाईही एका बाकावर दाटीवाटीने बसली आणि हट्टाने हिरव्यावरच पैज लावत राहिली. कुलूप उघडले तेव्हा "सर, थांबा न अजून!" म्हणून सगळा वर्ग ओरडला.

तिकडे बाजारात लिंबाच्या व्यापाऱ्याने प्रश्नपत्रिका पाहून आकाशपाताळ एक केले होते. अकोल्याच्या कार्यालयातले शेखर साहेब धावत आले, पोत्यांची अदलाबदल झाली आणि चाचणी सोमवारी घेण्यात आली. मुलांचे गुण असे वाढले की साहेब चक्क पेढे घेऊन आले.

"उत्तमराव, सिद्ध झालं! चाचण्यांमुळे मुलं सुधारतात. वर्गाला मुदतवाढ मिळाली. आता रोज चाचणी!"

"साहेब, ते शिकवल्यामुळं झालं."

"शिकवलं त्याची नोंद कुठे आहे? आणि चाचणीच्या वेळात शिकवलं कसं तुम्ही?"

उत्तमरावांनी पेढा गिळला.

पुन्हा घोटाळा नको म्हणून आता पोत्याला लाल चिंधी बांधायची, असा नवा हुकूम निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमराव काळीपिवळीच्या स्टँडवर उभे होते. भगवंत चहाला गेला होता. खाली उतरवलेली दोन पोती शेजारी शेजारी पडली होती, एक चिंधीचे आणि एक लिंबांच्या वासाचे, बिनचिंधीचे. उत्तमराव बराच वेळ त्या बिनचिंधीच्या पोत्याकडे बघत राहिले. मग हळूच वाकले. आयुष्यात कधी कुणाला कॉपी करू न देणाऱ्या त्या माणसाने चिंधीची गाठ सोडायला घेतली. चिंधी कशीबशी सुटली आणि शेजारच्या पोत्यावर गेली, पण गाठ काही बसेना.

मागे कुणीतरी उभे होते. ते दचकून वळले. दुकानासाठी भाजी घ्यायला आलेली सुंदराबाई डोक्यावरची टोपली सावरत भगवंताला काही दिसू नये अशी आड उभी राहिली होती.

"घाबरू नका, सर," ती हळूच म्हणाली. "गाठ तेवढी पक्की मारा. माया पहाटपासून तासाची वाट पाहून राह्यली."