फणस पडवीत बसून होता

चेनसॉ फांदीत अर्ध्यावर बंद पडला, तेव्हा फणसाने जमिनीतून मुळं सोडवली आणि हेमांगी राऊळच्या मागोमाग येऊन तो तिच्या पडवीत बसला. त्याच्यासाठी थोडी कौलं काढावी लागली. फांदी वादळात पिरगळली होती, तेव्हापासून त्याला ठणका होता, आणि आता चेनसॉचं ब्लेडही तिच्यात अडकलं होतं.

"मुळं सुकायच्या आत मला परत जायला हवं, सूनबाई," तो म्हणाला.

फणस सासऱ्यांच्या बरोबरीचा, म्हणून हेमांगी त्याला अहोजाहो करी. तिने मुळांवर ओली पोती टाकली.

"मी कुडाळहून नवीन मशीन आणतो," तिचा नवरा दिगंबर म्हणाला. "हे मेलं."

"एकाने घातलेला काप दुसऱ्याने पुरा केलेला मला चालणार नाही," फणस म्हणाला.

"बरोबर आहे त्यांचं," हेमांगी म्हणाली. माहेरी पंपदुरुस्तीचं दुकान होतं, इंजिन उघडायला ती कधी बिचकली नव्हती. तिने दोन नट सोडले, ब्लेड फांदीतच राहू दिलं आणि इंजिन मांडीवर घेतलं.

प्लग काढून पाहिला. ठिणगी पडत होती. पेट्रोलही पोचत होतं. मग प्लग परत बसवून तिने दोरी ओढली. ती अगदी हलकी आली, बादली न बांधलेली दोरी विहिरीतून यावी तशी.

"कॉम्प्रेशन गेलंय, आत दाबच उरला नाही," ती म्हणाली.

सायलेन्सर उतरवून तिने आतल्या भोकातून बॅटरीचा उजेड टाकला. पिस्टनवर उभे ओरखडे होते.

"माझं लाकूड कठीण लागलं का?" फणसाने विचारलं. विचारताना त्याची पानं खाली आली होती.

"नाही. तुमचा काही दोष नाही."

"मग ऑइल कमी पडलं असेल," दिगंबर म्हणाला.

"पेट्रोलमध्ये ऑइल मी स्वतः मिसळलंय. पिस्टन कशाने गेला ते कळल्याशिवाय नवीन घालायचा नाही. नाहीतर तोही जाईल."

कार्बोरेटरमागची रबरी नळी तिने बोटांनी वाकवली. रबर कडक झालं होतं, घडीत चीर होती. तिथून फाजील हवा शिरत होती, पेट्रोल कमी पडत होतं, त्याबरोबर ऑइलही, आणि इंजिन तापून पिस्टन घासला होता. हेमांगीला बरं वाटलं. आता तिला सगळं माहीत होतं.

दिगंबर कुडाळहून पिस्टन, रिंग, गॅस्केट आणि नळी घेऊन आला. तोवर तिने सिलिंडरला चिकटलेला धातू बारीक पॉलिश पेपरने काढला होता. दिगंबर फणसाची पोती भिजवत राहिला. मुळांची टोकं काळी पडू लागली होती, ते दोघांनाही दिसत होतं. तिने रिंग ऑइलमध्ये बुडवून बसवली, पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला आहे ना ते पाहिलं, पिनेच्या क्लिपा दाबल्या. या वेळी दोरी ओढली तेव्हा हाताला जोर लागला.

इंजिन ब्लेडवर चढवून ती म्हणाली, "आता फांदी जरा उचलून धरा. काप उघडा राहू दे."

"दुखेल."

"एकदाच."

फणसाने फांदी उचलली. दोरीच्या एका ओढीसरशी मशीन सुरू झालं. तिने घाई केली नाही, इंजिनला गरम होऊ दिलं आणि मग काप पुरा केला. फांदी पडवीत पडली.

"ठणका थांबला," फणस म्हणाला, आणि मुळं गोळा करून परसात आपल्या खड्ड्याकडे गेला. दिगंबरने माती लोटून ती पायाने दाबली.

सकाळी हेमांगी दार उघडते तो पायरीवर शेजाऱ्यांचं रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड बसलेलं. मागे दोन काजू उभे होते.

"मशीन चालू आहे असं कळलं," रातांबा म्हणाला.

हेमांगीने त्याची वाळलेली फांदी निरखून पाहिली आणि दिगंबरला आणखी पोती भिजवायला सांगितली.