मावशीकडून सप्रेम

गिरीशने डबा ओट्यावर ठेवला, आणि मंजिरीने पोळी तव्यावर तशीच सोडून दिली.

"हा कुठे मिळाला तुला?"

"वाळूत. हातभर खाली. मशीन असं किंचाळलं म्हणून सांगू, मला वाटलं रणगाडाच."

रणगाडा नव्हता. कडीचा, स्टीलचा, चांगला जाडजूड डबा होता. वाळूने घासून घासून त्याला अशी चकाकी आली होती, जशी घरात कुठल्याच डब्याला कधी येत नाही.

गिरीश सौदीतल्या जुबैलच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. रोज सकाळी कामगारांना रांगेत उभं करून तो सांगे, की अनोळखी वस्तूला हात लावू नका, जमिनीत काही दिसलं तर उकरू नका, आधी वरिष्ठांना कळवा. आणि सुट्टीच्या दिवशी तो नैरियाच्या रस्त्याने वाळवंटात जाई, एक्क्याण्णवच्या आखाती युद्धात परदेशी फौजांचा तळ जिथे पडला होता तिथे धातुशोधक मशीन फिरवी, आणि दिसेल ती अनोळखी वस्तू वरिष्ठांना न कळवता उकरून काढी. आजवरच्या संशोधनात त्याला तंबूच्या खुंट्या, कोल्ड्रिंकचे चेपलेले कॅन आणि एक चमचा मिळाला होता. चमचा हॉलमधल्या काचेच्या कपाटात होता. "एखाद्या कर्नलचा असणार," असं तो पाहुण्यांना सांगे. मंजिरीला तो मराठी मंडळाच्या चमच्यांसारखा दिसे. पण कुणाच्या कर्नलला आपण का दुखवावं, म्हणून ती गप्प बसे.

आता मात्र ती गप्प बसली नाही. तिने डबा उजेडात धरला. पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: 'चि. सोनल हिस, मावशीकडून सप्रेम.'

"गिरीश," ती खुर्चीवर बसत म्हणाली, "हा तो डबा आहे."

तो डबा म्हणजे चार वर्षांपूर्वीचा. याच तळावर मंडळाची हिवाळी सहल गेली होती, कारण फौजेने मागे ठेवलेला सिमेंटचा चौथरा स्टोव्ह मांडायला सोयीचा पडतो. सोनलने चकल्या आणल्या होत्या. थोड्याच वेळात तिच्या नवऱ्याने, उदयने, जाहीर केलं, "संपल्या! लोकांनी अक्षरशः फडशा पाडला!" सोनल लाजली. मग निघताना डबा सापडेना. आणि तो शेवटचा कुणाच्या हातात दिसला, तर मंजिरीच्या.

सोनलने आरोप कधीच केला नाही. केला असता तर खोडता आला असता. तिने फक्त मंजिरीला स्टीलच्या भांड्यातून काही देणं बंद केलं. जुबैलच्या मराठी घरांत एक रीत आहे. एका घरून वाटी निघते ती भरलेली, आणि परत येते तीही भरलेली. रिकामं भांडं कुणी परत करत नाही. त्यामुळे वाटी एकदा निघाली की ती थांबत नाही, आणि तिच्या मागून घरातल्या बातम्याही फिरत राहतात. मंजिरीच्या दारात मात्र सोनलकडून फॉइलचं फेकायचं डबडं येऊ लागलं. पाठोपाठ इतर घरांतूनही. कारण विचारलं तर, "अगं, तुला परत करायचा त्रास नको!" चार वर्षांत मंजिरीच्या घरी दुसऱ्याचा स्टीलचा चमचासुद्धा आला नव्हता. कर्नलचा सोडून.

"मग झालं की!" गिरीश म्हणाला. "आत्ता देऊन येतो. निर्दोष सुटलीस."

"थांब! कोण देणार? तू?"

"मला सापडला ना."

"तेच तर! चार वर्षं घरात दडवला आणि आता वाळूत लोळवून आणला, असं म्हणेल ती. एवढ्या वाळवंटात बरोब्बर तुलाच कसा सापडला?"

गिरीशने विचार केला. खरंच, तो जर सोनल असता तर त्याने स्वतःवर मुळीच विश्वास ठेवला नसता.

त्याने डबा हलवून पाहिला. आत खडखड झाली. कडी वाकून रुतून बसली होती.

"आत काडतुसं असतील," तो कुजबुजला.

"सोनलच्या मावशीच्या डब्यात?"

"सैन्याने वापरला असेल."

"युद्ध एक्क्याण्णवचं, गिरीश. तेव्हा सोनल पाळण्यात होती. आणि उघडू नकोस. उघडलेला दिसला तर म्हणेल, वापरतसुद्धा होते." मंजिरीने डबा टॉवेलात गुंडाळला. "जिथून काढलास तिथे परत पूर. शुक्रवारी आपण सगळे मिळून सहलीला जाऊ. मशीन उदयच्या हातात दे. सोनलचा डबा सोनलच्या नवऱ्याने, सोनलसमोर काढायचा. मग बघू कोण बोलतं ते."

तळापर्यंत जायला मोठी गाडी लागे, आणि ती इसहाकची होती. इसहाक मूळचा रत्नागिरीचा. जुबैलला त्याचं तंबू, फावडी आणि कोळशाचं दुकान होतं. गुरुवारी दुपारी तो चौथऱ्याच्या कोपऱ्याशी उभा राहून गिरीशचं खणणं बघत होता.

"गिरीशभाव, एक विचारू? लोकं जमिनीतना काढाय येतात. तू ठेवाय का आलास?"

"बायकोची अब्रू आहे, इसहाकभाई."

"अब्रू पुरतात काय रे?" इसहाकने चारी दिशांना पाहिलं. "बघ हां, हे मशीन दिसलं कुणाला तर परवाना मागतील. माझा इकामा, इथं राहायचा कागदच गेला ना, तर माझी अम्मी होडीत बसून तुझ्याकडे येईल."

शुक्रवारी सकाळी दोन कुटुंबं आणि गाडीसकट इसहाक तळावर पोचले. सोनलने बॅगेतून फॉइलचं डबडं काढून मंजिरीपुढे ठेवलं. "तुझा वेगळा काढलाय हं उपमा."

मंजिरी गोड हसली. गिरीशने मशीन उदयपुढे धरलं. "घे रे, तू फिरव आज. त्या चौथऱ्याच्या कोपऱ्याशी बघ जरा. मला तिथे काहीतरी वाटतंय."

उदय कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघायचा आणि कुठलंही यंत्र हातात आलं की सोडायचा नाही. पण आज त्याने मशीनकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"मला नाही जमणार. गुडघा दुखतोय." एवढं बोलून तो त्याच कोपऱ्यावर गेला, चटई अंथरली आणि तिच्यावर मांडी घालून बसला.

"गुडघा दुखतोय तर मांडी कशी घातलीस?" गिरीशने विचारलं.

"मांडीत बरं वाटतं."

मंजिरीने गिरीशला बाजूला ओढलं. "ह्याला कळलंय. इसहाकभाई बोलले वाटतं."

"मी?" इसहाक दचकला. "माझ्या घरी पण सांगितलं नाय मी!"

"मग तो तिथेच का बसलाय?" गिरीश म्हणाला.

"उदय," मंजिरी मोठ्याने म्हणाली, "इकडे ये ना, तिकडे ऊन आहे."

"इथे सावली आहे," उदय म्हणाला. क्षितिजापर्यंत सावली अशी एकच होती, ती त्याची स्वतःची, आणि तीसुद्धा चटईच्या बाहेर पडली होती.

आता सोनललाही संशय आला. "काय चाललंय तुमचं? मघापासून तिघं माझ्या नवऱ्याला का उठवताय?"

तेवढ्यात धुरळा उडाला आणि गस्तीची गाडी येऊन थांबली. आतून एक अधिकारी आणि एक शिपाई उतरले. अधिकारी तरुण होता, नम्र होता, आणि म्हणूनच जास्त भीती वाटत होती. त्याने सगळ्यांचे इकामे गोळा केले, मशीन हातात घेतलं आणि अरबीत काही विचारलं.

"परवाना विचारतायत," इसहाक म्हणाला. "आणि विचारतायत, काय शोधताय."

"सांगा, काही नाही," गिरीश म्हणाला.

"काय नाय शोधायला मशीन कशाला, म्हणतील." इसहाकने अरबीत लांबलचक काही सांगितलं. अधिकाऱ्याचे डोळे बारीक झाले. "मी बोललो, नाश्ता कराय आलो. तो बोलला, मग हा माणूस चटईला चिकटून का बसलाय?"

उदय खरोखरच चटईला चिकटून बसला होता. अधिकाऱ्याने त्याला उठायची खूण केली. उदय उठला, पण जन्मठेप झालेल्या माणसासारखा. अधिकाऱ्याने चटईवरून मशीन फिरवलं. मशीन किंचाळलं.

यानंतर कुणी उपम्याला हात लावला नाही.

शिपायाने वाळू उपसली. डबा वर आला. सोनल ओरडली, "माझा डबा!" आणि मंजिरीकडे वळली, आणि तिथेच अडली. कारण डब्यावर मंजिरी नव्हे, तिचा स्वतःचा नवरा बसला होता.

अधिकाऱ्याने मात्र ठिपक्यांवरून बोट फिरवलं. ते ठिपके त्याला आवडले नव्हते. "ही सांकेतिक लिपी आहे का, विचारतायत," इसहाक म्हणाला.

"नाव आहे! सोनलला मावशीकडून," मंजिरी म्हणाली.

इसहाकने भाषांतर केलं. अधिकाऱ्याने गंभीरपणे पुढचा प्रश्न विचारला.

"मावशी कुठल्या सैन्यात होती, विचारतायत."

"नाशिकला असते ती," सोनल म्हणाली. "बँकेतून रिटायर झाली."

शिपायाने सगळ्यांना लांब उभं केलं, पाना घातला आणि कडी तोडली. आतलं बघून अधिकारी चटकन मागे सरला. काठोकाठ, गर्द तपकिरी, काटेरी वेटोळी. एकावर एक, व्यवस्थित रचलेली.

"स्प्रिंगा आहेत का, विचारतायत. कसल्या यंत्राच्या?"

"चकल्या," सोनल हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "भरलेला आहे! उदय, तू तर म्हणाला होतास फडशा पाडला!"

उदय क्षितिजाकडे बघत होता.

"उदय!"

"अगं, एकाचा दात दुखावला," तो म्हणाला. "दुसऱ्याला मी वेळीच अडवलं. तू इतक्या हौसेने विचारत होतीस, आवडल्या का, आवडल्या का. आता डबा भरलेला परत नेला असता तर तुला काय वाटलं असतं? रिकामा करायला जागा दिसेना. मग म्हटलं, डब्यासकटच..."

"आणि चार वर्षं मी चोर!" मंजिरी म्हणाली.

"मला वाटलं, विसराल तुम्ही दोघी."

इसहाकने हे सगळं अधिकाऱ्याला समजावून सांगितलं. अधिकाऱ्याने शांतपणे ऐकलं आणि एक वेटोळं उदयपुढे धरलं. भाषांतर लागलं नाही. खाद्य आहे ना? मग खा.

उदयने सोनलकडे पाहिलं. मग डोळे मिटून चावला. कडाड असा आवाज झाला. शिपायाचा हात कमरेला गेला. बराच वेळ उदयच्या जबड्यात नुसतं दळण चाललं होतं. सगळे, अधिकारी धरून, श्वास रोखून होते. शेवटी त्याने गिळलं.

"कशी आहे?" सोनलने विचारलं.

"खुसखुशीत," उदय म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

अधिकाऱ्याने इकामे परत केले. मशीन मात्र जप्त झालं. विनापरवाना पुन्हा इथे दिसलात तर गाठ माझ्याशी आहे, असंही त्याने बजावलं. गिरीशचं संशोधन तिथेच खलास झालं.

परतीच्या वाटेवर सोनल इतकंच म्हणाली, "तुझ्याकडे नव्हता तर तेव्हाच सांगायचंस ना गं, मंजिरी." सोनलच्या मानाने ही क्षमायाचना होती.

पुढच्या बुधवारी बेल वाजली. दारात सोनल उभी होती, आणि तिच्या हातात नवी कडी बसवलेला मावशीचा डबा. "ताज्या केल्यात. म्हटलं, पहिला डबा तुझ्याकडे. सावकाश परत कर."

मंजिरीने डबा दोन्ही हातांनी घेतला. चार वर्षांनी तिच्या ओट्यावर दुसऱ्याचं स्टील आलं होतं. तिने झाकण उघडलं, एक चकली दाताखाली धरली आणि तशीच उभी राहिली. मग ती चकली काढून तिने निरखून पाहिली; चकलीला काही झालं नव्हतं. तिने मोबाईल उचलून मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: 'सोनल, अप्रतिम! आल्या आल्या संपल्या!'

सोनलकडून लगेच लाजणारा चेहरा आला.

"गिरीश," मंजिरीने आतून विचारलं, "त्या पोलिसांनी मशीनच नेलं ना फक्त?"

"हो. का?"

"फावडं आहे ना गाडीत?"