साडूपेक्षा मोठा प्रोजेक्टर

अवसरी बुद्रुकच्या सोमाजीच्या पोटात दुखायला लागलं ते त्याच्या साडूमुळं. पिंपरी पेंढारच्या जानकूनं घरात प्रोजेक्टर आणला, आणि सोमाजीची बायको आशा बहिणीकडं जाऊन तो बघून आली. "दाजींनी आख्खी भिंत टीव्ही करून टाकली बाई," हे तिनं आठवडाभर भाकरी वाढता वाढता ऐकवलं. जळफळाटानं सोमाजीला घास गिळवेना. (रोज चार भाकरी खाल्ल्या, पण मनापासून नाही.)

शेवटी मंचरला पन्नालालशेठच्या दुकानात जाऊन त्यानं एकच प्रश्न विचारला, "आमच्या जानकूनं नेला त्याच्यापेक्षा मोठा हाय का?"

होता. सोमाजीनं तो उचलला आणि रविवारी साडूला बायकोसकट मासवडीच्या जेवणाला बोलावलं. जेवण आपलं नावाला. त्याला जानकूचं तोंड उतरलेलं बघायचं होतं.

भर दुपारी खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला. ताटंही तिथंच वाढली. आशानं नव्या मशीनची साग्रसंगीत पूजा केली, नारळ फोडला. सोमाजीनं सोबतचं पुस्तक पाठच केलं होतं. पांढरा दिवा लागला तर सगळं ठीक, लाल लागला तर मशीन आतून तापलंय, ताबडतोब बंद करा.

त्यानं ऐटीत बटण दाबलं. दिवा लागला लाल!

सोमाजीनं झटक्यात मशीन बंद केलं, खोक्याच्या पुठ्ठ्यानं वारा घातला, परत चालू केलं. परत लाल. भिंतीवर कुठं उजेड यायला लागायचा, तोच हा बटण दाबायचा.

"अवो, चित्र येतंय की!" आशा म्हणाली.

"गप! जळंल ना समदं!"

पाहुण्यांचा टेबलफॅन काढून त्यानं मशीनकडं वळवला. पाहुणे घामानं निथळायला लागले. जानकू खाकरला. "साडूभाऊ, आमच्याकडं बी..."

"तुमचं ल्हान हाय, भाऊ. मोठ्या मशीनचं वायलं असतंय."

जानकूनं मान डोलावली आणि आणखी एक मासवडी घेतली. जरा वेळानं त्यानं पुन्हा तोंड उघडलं. सोमाजीनं पुन्हा तेच ऐकवलं.

नवव्यांदा लाल दिवा लागल्यावर सोमाजीनं थेट दुकानात फोन लावला, तोही स्पीकरवर. (दोष दुकानदाराचा आहे हे साडूला कळायला नको?) "शेठ, खराब माल गळ्यात मारला राव तुमी!"

"लाल दिवा लागतोय का?"

"लालभडक!"

"पूजा केली व्हती?"

"मग? केली की!"

"वहिनींना इचारा, कुंकू कुठं लावलं."

सगळे वाकले. आशानं ओल्या कुंकवाचं बोट बरोबर दिव्यावरच टेकवलं होतं. ("तेवढीच जागा कपाळावानी दिसली," ती पुटपुटली.)

"पुसा ते," शेठ म्हणाले. "मागच्या महिन्यात जानकूभाऊंकडं बी हेच झालतं."

फोन ठेवून सोमाजी हळूहळू साडूकडं वळला. "तुमाला ठावं व्हतं?"

"व्हतं ना," जानकू बोटं चाटत म्हणाला. "पण म्हटलं, मोठ्या मशीनचं वायलं असंल."