श्रावणजींचा पन्हा

श्रावणजी माणसाला भेटले की नाव विचारायच्या आधी त्याची रुंदी बघतात. नजर चेहऱ्याला शिवत नाही. या खांद्यावरून निघते, त्या खांद्यापर्यंत जाते आणि परत येते. आमच्या प्रताप नगरातल्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाला असंच न्याहाळलं आणि भर मांडवात सासऱ्याला सांगितलं, "पोरगा उंच हाय, पण पन्हा कमी हाय. सांभाळून घ्या."

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. श्रावणजींच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग होते. माग बंद पडले, श्रावणजी कारखान्यात फिटर झाले, तिथून रिटायर झाले, पण डोक्यातला पन्हा काही उतरला नाही. रस्ता, पोळी, पुढाऱ्याचं भाषण, सगळं ते त्याच मापात बघतात. नळाच्या पाण्यासाठी काढलेलं आमच्या मंडळाचं पत्रक मी त्यांना मोठ्या तोऱ्यात दाखवलं. शेवटपर्यंत वाचून त्यांनी ते घडी घालून परत दिलं. "लांबी भरपूर झाली गा बाबू. पन्हा नाही." मला राग आला. पुढच्या पत्रकातली निम्मी विशेषणं मात्र मी कापली.

आता त्यांनी घरीच जोडलेल्या गाडीबद्दल. स्पष्टच लिहितो, कारण या गाडीची टवाळी करणारे शहरात पुष्कळ आहेत आणि त्यातल्या एकानेही घरच्या खुर्चीचा मोडका पाय स्वतःच्या हाताने बसवलेला नाही. जुन्या स्कूटरचं इंजिन, पाइपांचा सांगाडा, चार बुटकी फुगीर चाकं. टप नाही, दार नाही. मोटारसायकलसारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, हातात हँडल, मागे एका माणसाची जागा. आमच्याकडे निम्मे प्लॉट अजून मोकळे आहेत आणि रस्ता म्हणून महापालिकेने जे दिलं आहे तिथे सायकल हातात धरून चालावं लागतं. त्या खड्ड्यांतून ही गाडी हरणासारखी जायची. धरमपेठेतली मोटारसायकलवाली पोरं रविवारी शर्यत लावायला यायची आणि या साठीच्या माणसाच्या मागे धूळ खाऊन घरी जायची. आमच्या वस्तीला मिरवायला दुसरं होतं काय?

खोट एकच होती. पुढची चाकं फार जवळ जवळ होती. सरळ रस्त्यावर गाडी वाघ. वळण आलं की आतलं चाक विजेच्या खांबापाशी आलेल्या कुत्र्यासारखा पाय वर करायचं.

गेल्या दिवाळीनंतर नाल्याजवळच्या वळणावर ती कलंडली. मागे यमुनाकाकू होत्या, श्रावणजींच्या पत्नी. गुडघे दुखतात म्हणून श्रावणजी त्यांना धंतोलीच्या डॉक्टरांना दाखवून परत आणत होते. काकूंचं मनगट मोडलं. त्या वळणाचा उतार उलट्या अंगाला काढलेला आहे हे शेंबडं पोरही सांगेल. मी त्याच संध्याकाळी कंत्राटदाराविरुद्ध पत्रक लिहायला बसलो. श्रावणजींनी कागद माझ्या हातून काढून घेतला.

"रस्त्याले काहून बोल लावतं? माह्या गाडीचा पन्हा कमी पडला."

तेव्हापासून काकू धंतोलीला रिक्षाने जाऊ लागल्या आणि श्रावणजी सायकलवर रिक्षाच्या मागे मागे. वस्तीने परस्पर निकाल देऊन टाकला, की बाईने शपथ घेतली, आता ती त्या गाडीवर बसत नाही. रविवारच्या शर्यती बंद झाल्या. पोरं फाटकाशी येऊन हॉर्न वाजवून गेली तरी श्रावणजी बाहेर आले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "तुही काकू मांगं बसली पाहिजे. बस. बाकी मले काही नाही पाहिजे."

मग हिवाळाभर त्यांच्या अंगणात ठोकाठोकी चालली. पुढची चाकं ज्या लोखंडी आर्मवर तोललेली असतात ते आर्म त्यांनी लांब केले. चाकं दूर गेली तशी जुने शॉकअप मऊ पडले आणि गाडी नाक घासायला लागली. म्हणून एका मोडीतल्या मोटारसायकलचे ताठ शॉकअप आणून तिरपे बसवले. हँडलपासून चाकांपर्यंत जाणारे दांडे आखूड राहिले, तर दोन्ही चाकं रुसलेल्या विहिणींसारखी दोन दिशांना बघू लागली. तेही लांबवले. मागच्या सीटवर तांदळाचं पोतं बांधून, गाडी दोरीने एका बाजूला ओढून, ती कुठवर कलते ते तपासलं. काकू ओसरीवरून बघत होत्या. "एवढी जड नाही जी मी," म्हणाल्या. श्रावणजींनी पोत्यात आणखी एक पायली तांदूळ ओतला.

गाडी तयार झाली आणि फाटकातून निघेना.

झालं होतं असं, की फाटकाचं माप श्रावणजींनी टेप असूनही सुतानेच घेतलं. फाटकाशी सूत सैल धरलं. गाडीपाशी आल्यावर तेच सूत हातात घेतलं आणि जन्मभराच्या सवयीने त्याला मागावरचा ताण दिला. सूत वाढलं, गाडी वाढली. फाटक होतं तेवढंच राहिलं. धरमपेठेतलं एक पोरगं मोटारसायकलवरून म्हणालं, "काकाजी, आता रेस आंगनातच लावा." मी सुचवलं की आर्म चार बोटं कापू.

श्रावणजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरचा माग जाळायला निघालो होतो. "कापड लांबीत फाडते माणूस. पन्ह्यात नाही."

फाटकाच्या खांबावर संगमरवराची पाटी होती, त्यांच्या नावाची. त्यांच्या खानदानातलं हे पहिलं स्वतःचं घर. ती पाटी ते रोज सकाळी धोतराच्या सोग्याने पुसत. त्यांनी घण आणला आणि पाटीसकट खांब पाडला. पोरगं मोटारसायकल चालू करायची विसरलं.

विटा बाजूला होईपर्यंत काकू घरात गेल्या, पदर खोचून बाहेर आल्या, आणि मागच्या सीटवर बसल्या. त्या दिवशी धंतोलीला जायचंच होतं.

मी सायकलवर मागे निघालो. कुणालाही पुढे जाऊ न देणारा हा माणूस असा चालला होता की डबे लावलेला दूधवाला घंटी वाजवून पुढे गेला. नाल्याचं वळण आलं आणि श्रावणजींनी गाडी उभी केली. खाली उतरले. हँडल मात्र सोडलं नाही.

"उतर वं," ते म्हणाले. "एवढं वळण पायी चाल. मी ढकलत आणतो."

काकू उतरल्या नाहीत. "काहून जी?"

"तुले भेव वाटते."

"कोण सांगतलं? मी म्हटलं कधी?"

श्रावणजी धोतराच्या सोग्याने हँडल पुसू लागले.

"गाडी कलंडली त्या दिवसापासून तुमी एकडाव तरी 'चल' म्हटलं मले? मी वाट पाहून राहिली आणि तुमी पोत्याले बसवून राहिले." मग आवाज खाली आणत त्या म्हणाल्या, "माहं हाड कवाच जुळलं. बसा पुढं."

ते बसले. काकूंनी वाकडं जुळलेल्या मनगटाचा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. गाडी वळणात शिरली. चारही चाकं जमिनीला धरून होती. पलीकडे गेल्यावर काकू त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. गाडीने वेग घेतला, आणि मी सायकल थांबवली.