नेमलेला फितूर

एका जंगलात, मुलांनो, राजा नव्हता. एक टीव्ही होता. तो विश्रामगृहात होता आणि तिथला रखवालदार रोज संध्याकाळी त्यावर एक मालिका बघायचा. तिच्यात अंतराळयानं होती आणि एकमेकांशी दोस्ती केलेले ग्रह होते. दर भागाच्या शेवटी नायकाचा जिवलग मित्र शत्रूला सामील झालेला निघायचा. खिडकीबाहेर बसून सगळं जंगल हे बघायचं. फुकट असलं की जंगल काहीही बघतं.

त्याच सुमारास नदीपलीकडच्या जंगलाशी मधल्या बेटावरच्या करवंदांवरून तंटा लागला. अलीकडच्यांनी ताबडतोब दोस्तसंघ काढला. रानगवा अध्यक्ष झाला, कोल्हा चिटणीस झाला आणि मोर, अस्वल, हत्ती वगैरे मंडळी सभासद झाली.

पहिल्याच बैठकीत कोल्हा म्हणाला, "दोस्तसंघ म्हटला की फितूर असायचाच. मालिकेत बघितलंत ना?"

"पण तो कोण हे शेवटपर्यंत कळत नाही," गवा म्हणाला. "उगाच जिवाला घोर."

"म्हणून आपण तो आधीच नेमू."

कल्पना सर्वांना पटली. मग सर्वांच्या नजरा काटेराव साळिंदराकडे वळल्या. काटेराव उभ्या जन्मात खोटं बोलला नव्हता.

"काम सोपवावं तर यालाच," अस्वल म्हणालं. "हा प्रामाणिकपणे फितुरी करील."

"मला नाही हो जमायचं," काटेराव म्हणाला.

"नाही जमलं तर जांभळीखालचं बीळ खाली करायचं," कोल्हा म्हणाला.

त्या बिळात काटेरावाची बायको होती आणि दोन पिल्लं होती. कोल्ह्याचा बिळावर फार दिवसांपासून डोळा होता, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मनावर दगड ठेवून काटेरावाने नदी ओलांडली. पलीकडे बातम्या गोळा करायला एक वयस्कर घोरपड बसली होती.

"आमच्या हत्तीचा पाय दुखतोय," तो खाली मान घालून म्हणाला.

"मोर कालच सांगून गेला. उजवा ना?"

"मला डावा वाटत होता," काटेराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने चढाईची वाट सांगितली. "अस्वल सोमवारीच येऊन गेलं," घोरपड म्हणाली. "नकाशासुद्धा काढून दिला बिचाऱ्याने."

तिसऱ्या दिवशी तो कुजबुजला, "लढाईच्या दिवशी आमचे अध्यक्ष आजारी पडणार आहेत."

"ते स्वतःच कळवून गेले. आमचेही त्याच दिवशी पडणार आहेत. काटेराव, तुम्ही जरा लवकर येत चला."

पुढच्या बैठकीत गव्याने विचारलं, "झाली का फितुरी?"

नुसतं 'झाली' म्हटलं असतं तर बीळ वाचलं असतं. काटेरावाला ते कळत होतं. पिल्लं त्याच्या डोळ्यांपुढे आली.

"नाही जमली," तो म्हणाला. "माझ्या आधी सगळेच जाऊन आले होते."

मोराने पिसारा मिटला. अस्वलाचा कान एकदम खाजायला लागला. कोणी कोणाकडे बघेना.

मग कोल्हा उठला. "ऐकलंत? दोस्तसंघाने विश्वासाने सोपवलेली एकुलती एक फितुरी, तीही याने केली नाही. याला विश्वासघात नाही तर काय म्हणायचं?"

सर्वांचा जीव भांड्यात पडला. हद्दपारीचा ठराव एकमताने झाला आणि सभा संपायच्या आत कोल्हा बिळाकडे निघाला.

नदी ओलांडताना बायको म्हणाली, "एकदा हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तोंडाशी आलं होतं गं," काटेराव म्हणाला.

घोरपडीने त्यांना येताना पाहिलं. "आज काय बातमी?"

"बातमी नाही. राहायला आलोय."

"बरं झालं," घोरपड म्हणाली. "आमचे सगळे तुमच्याकडे बातम्या द्यायला गेलेत. इथे घर राखायला कोणीतरी हवंच होतं."

तात्पर्य : फितुरी ज्याची त्याने आपापल्या सवडीने उरकावी. ती प्रामाणिक प्राण्यावर सोपवली की सगळ्यांचाच बोभाटा होतो.