पेडणेकरकाका आणि मोकेका

इथे अमेरिकेत, फ्रिस्कोत, आमच्या शेजारी राहणारे पेडणेकरकाका माशांना रागावतात. मासे विकणाऱ्यांना नव्हे, माशांना. ग्रोसरी स्टोअरमध्ये बर्फावर पडलेल्या सॅल्मनपुढे वाकून ते मराठीत खडसावतात, "काय ही दशा तुझी? लाज नाही वाटत?" काउंटरवरची बाई त्यांना लांबून पाहिलं की आत निघून जाते.

काका वेंगुर्ल्याचे. काकू गेल्यावर मुलाकडे, निखिलकडे, राहायला आले आणि आल्यापासून चिडलेलेच आहेत. फ्रोझन सुरमईवर, लॉनच्या स्प्रिंकलरवर, "हाउ आर यू" विचारून उत्तर न ऐकताच पुढे जाणाऱ्यांवर. सगळ्याचा शेवट एकच, "अपमान आहे हा!" मी एकदा कालवणात डब्यातलं नारळाचं दूध घातलं, तर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मलाही त्यांचा भयंकर राग येतो, हे आधीच सांगून टाकते.

त्यांची सून लुसिया ब्राझीलची, तिथल्या बाहियाच्या किनाऱ्यावरची. लग्नानंतर तिने मोठ्या हौसेने सांगितलं, मी तुम्हाला मोकेका करून घालते, आमच्याकडचं माशाचं कालवण. काय काय घालतात ते ऐकून काका कडाडले, "सोलं नाहीत, तिरफळ नाही, वर भोपळी मिरची? ह्याला कालवण म्हणायचं?" लुसियाने तो विषय परत काढला नाही. त्या दिवशी काकांना चांगलं सुनावावं, असं मला फार वाटलं होतं.

या मार्चमध्ये लुसियाची आई गेली. ग्रीन कार्डचे कागद अडकलेले. वकील म्हणाला, आत्ता देश सोडलात तर परत येणं अवघड. आईचे अंत्यविधी तिने फोनवर पाहिले. त्यानंतर तिचं जेवणच तुटलं.

शनिवारी सकाळी काकांनी आमचं दार बडवलं.

"मुग्धा, गाडी काढ. अर्विंगला जायचंय."

"निखिल कुठेय?"

"तिच्याजवळ बसलाय. बसू दे त्याला. मला लाल पामतेल हवंय, ते तिथल्या आफ्रिकन दुकानात मिळतं. आणखी काही विचारू नकोस."

फ्रीवेवर ते आधी वकिलावर ओरडले, मग सरकारवर, मग माझ्या ड्रायव्हिंगवर. मध्येच खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"तुझी काकू गेली तेव्हा सगळे मला म्हणायचे, जेवून घ्या. ढीगभर डबे आले. ती कालवण कसं करायची, हे मात्र एकानेही विचारलं नाही." आणि लगेच, "लेन बदल! झोपलीस काय?"

घरी आल्यावर त्यांनी फोनवर मोकेकाचा व्हिडिओ लावला. त्यातली बाई पोर्तुगीजमध्ये बोलत होती आणि काका तिला मराठीत झापत होते, "हळू बोल गं बाई, गाडी सुटतेय का तुझी?" लिंबू-लसूण लावलेल्या कॉड माशाच्या तुकड्यांवर त्यांनी कांदा, टोमॅटो आणि भोपळी मिरचीच्या चकत्या रचल्या, वर कोळंबी पसरली. डब्यातलं नारळाचं दूध ओतताना माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने मान खाली घातली. शेवटी ते लाल तेल. मी डाव घेऊन पुढे झाले.

"हात काढ! ढवळायचं नसतं ह्यात. मासा मोडेल."

वास वरच्या मजल्यावर गेला असावा. लुसिया जिना उतरून आली. निखिल तिच्या मागे. तिने टेबलाशी बसून एक चमचा तोंडात घातला आणि इंग्रजीत हळूच म्हणाली, "आईचं असं नसायचं, बाबा."

काकांच्या स्वयंपाकाला नाव ठेवून घरात टिकलेला माणूस मी तरी पाहिला नव्हता. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले.

"टेल," ते म्हणाले. "मदर... हाउ शी वॉज मेकिंग?"

लुसिया ताटाकडे पाहत सांगू लागली. आई कोथिंबीर जुडीच्या जुडी घालायची. झाकण कुणालाही उघडू द्यायची नाही. पहिला तुकडा फुंकर मारून लेकीला भरवायची. ती रडत होती, सांगत होती, आणि मध्येमध्ये खात होती. काकांच्या ताटातला भात तसाच निवत होता.

मी पाणी आणायला उठले, तर माझ्याकडे न बघताच त्यांनी हात आडवा धरला.

"बस खाली. ती बोलतेय."